रिमोटची रेल्वे इतकी लेचीपेची का असते?

मागच्या दिवाळीत पुण्याहून रेणापूरला जाताना मी भाच्यासाठी रिमोटवर चालणारी रेल्वे नेली. एक इंजिन, तीन डबे, जोडून अंडाकृती करायचे काळे प्लास्टिकचे रूळ आणि शिट्टीचं बटण असलेला रिमोट. किंमत इथं लिहीत नाही, कारण अक्कानं विचारली तेव्हाही मी खरी सांगितली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाडी ओसरीत सुरू झाली. पाडव्याला दुपारी भाच्यानं तिला कामाला लावलं. अक्कानं त्याला २०१६ च्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली होती. तेव्हा लातूरच्या नळाला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा टाक्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. त्या वर्षी मी कॉलेजात होतो आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाला आंघोळीची बादली मोजून मिळत होती. भाच्याला मात्र त्यातला दुष्काळ दिसला नाही, त्याला गाडी दिसली. त्यानं पाण्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली, डब्यांच्या टपावर मांडली, तांब्यानं भरली. रुळांच्या ह्या वळणाला मिरज, त्या वळणाला लातूर. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत मिरजेच्या पुढं इंजिन नुसतंच घुईंऽऽ करत राहिलं. आवाज येतोय, चाकं हलत नाहीत.

"मामा, गाडी पळंना की!"

खोक्याच्या मागं बारीक अक्षरात सूचना होती: डब्यांवर वजन ठेवू नये, पाण्यापासून लांब ठेवावे. मी ती भाच्याला वाचून दाखवली. जरा रागातच. आमच्या अण्णांचं रेणापुरात मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्यांच्याकडं येतात आणि नव्या तारेनं भरून परत विहिरीवर जातात. ते आतून म्हणाले, "पोराचं काय चुकलं रे? रेल्वेवर माल ठेवला त्यानं. रेल्वे कशासाठी असती मग?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतरचे काही महिने मी ते शोधत होतो. इंजिन उघडून पाहिलं, पुण्यात मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या दोन-तीन जणांशी बोललो, आणि ह्या खेळण्याचा इतिहास जमेल तितका वाचला. पुस्तकांची परीक्षणं होतात, सिनेमांची होतात, मोबाइलची तर रोज होतात. खेळण्याचं परीक्षण मात्र 'मुलाला आवडलं' आणि 'दोन दिवसांत मोडलं' ह्यांच्या पुढं जात नाही. ते करून बघावं असं वाटलं.

आत काय असतं

आधी इंजिन उघडावं लागलं. त्याला स्क्रू नव्हते. सेलच्या झाकणाला एक होता, बाकी दोन्ही बाजू कारखान्यातच चिकटवलेल्या. अण्णांनी हॅक्सॉ ब्लेडनं जोडावरून कापलं. आत नाण्याएवढ्या रुंदीची छोटी मोटर, तिच्या दांड्यावर एक इवलंसं पांढरं प्लास्टिकचं दातेरी चाक, पुढं आणखी दोन दातेरी चाकं, आणि मग आस. पांढऱ्या चाकाला केसाएवढी चीर गेलेली. मोटरचा दांडा त्यात मोकळा फिरत होता.

हा अपघात नव्हता. असं चाक धातूच्या दांड्यावर नुसतं दाबून बसवतात. छिद्र दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवतात, म्हणजे ते घट्ट बसतं. पण घट्ट बसतं म्हणजेच प्लास्टिक कायम ताणात राहतं. ऊन, थंडी, दिवस जातात आणि एखाद्या जोराच्या क्षणी ते दोन दातांच्या मधल्या खाचेत चिरतं. भाच्याच्या पाण्यानं तो क्षण जरा लवकर आणला, इतकंच. पितळेचं चाक असतं तर ही चीर गेली नसती.

बाकीच्या तक्रारीही अशाच ओळखीच्या निघाल्या. चाकांची आतली कड इतकी उथळ की सांध्यावर जरा उंच-सखल झालं की गाडी रूळ सोडते. रुळांच्या जोडाच्या जिभल्या दहा-बारा वेळा काढल्या-घातल्या की पांढऱ्या पडतात आणि तुटतात. इंजिन हलकं, त्यामुळं चाकांना पकड नाही. रिमोट इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा. त्याला समोरासमोर नजर लागते, मधे खाट आली की आज्ञा पोचत नाही आणि अंगणात उन्हात नेलं तर सूर्याच्या उजेडात तो आंधळा होतो.

नादिष्ट लोकांच्या मागण्या ह्याच तक्रारींना उलटं करून तयार होतात. धातूचे गिअर द्या. इंजिनाला वजन द्या. चाकांना नीट कड द्या. रेडिओवरचा रिमोट द्या. सुटे भाग विकत द्या. आणि स्क्रू द्या. ह्यातली एकही गोष्ट विज्ञानकथेतली नाही. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं खेळण्यातल्या गाड्या बनवतायत, हे सगळं कधी ना कधी कुणी तरी करून दाखवलेलं आहे. मग माझ्या हातातल्या गाडीत ते का नव्हतं?

काचेतली गाडी आणि ओसरीतली गाडी

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी ह्यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून उभं राहिलेलं, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. हॉलच्या मधोमध एक अख्खं शहर आहे. रूळ, सिग्नल, पूल, दिवे, आणि त्यातून वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळं ठरल्या क्रमानं धावतं. दिवे मंद करून शहरात रात्र होते तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प होतात. मी पुण्यात पहिल्यांदा आलो त्या वर्षी गेलो होतो आणि गप्प झालेल्यांत मीही होतो.

तिथल्या गाड्या एचओ मापाच्या आहेत. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ह्या मापात खिडकीची चौकटसुद्धा दिसते, म्हणून जगभरच्या छांदिष्टांत ते सगळ्यात जास्त चालतं. पण खिडकीची चौकट दिसायची तर ती केसाएवढी बारीक करावी लागते, आणि तिला सात वर्षांच्या मुलाचा हात लागून चालत नाही. म्हणून अशा गाड्या बघायच्या असतात. त्यात गैर काही नाही. ते मॉडेल आहे, आणि मॉडेलचं काम खऱ्या गाडीशी इमान राखणं हेच असतं.

ओसरीतली गाडी वेगळ्या घराण्यातली. तिनं मुलाशी इमान राखायचं असतं. तिची खिडकी नुसती रंगवलेली असली तरी चालेल, पण ती पायाखाली आली तर वाचली पाहिजे, आणि तिच्यावर झाकणभर पाणी ठेवलं तर तिनं ते ओढलं पाहिजे.

माझ्या भाच्याच्या गाडीचा घोटाळा इथं आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच रिमोटच्या गाड्यांचाही. त्यांचा चेहरा मॉडेलचा आहे. बाजूला बारीक पायऱ्या, टपावर तारेएवढे नळ, दारांना कड्या. खोक्यावरच्या फोटोत हे छान दिसतं, आणि विक्री फोटोवर होते. आतला जीव मात्र सगळ्यात स्वस्त खेळण्याचा. म्हणजे दोन्ही घराण्यांतलं वाईट तेवढं उचललं: मॉडेलचा नाजूकपणा घेतला, अचूकता नाही. खेळण्याचा स्वस्तपणा घेतला, दणकटपणा नाही.

ज्यांनी ऐकलं, आणि ज्यांनी अर्धंच ऐकलं

दणकट गाडी बनवता येते ह्याचे दोन पुरावे मला आवडतात.

पहिला जर्मनीचा. १९६८ मध्ये लेहमान ह्या जुन्या खेळणी कंपनीनं एलजीबी नावाची मोठ्या मापाची रेल्वे बाजारात आणली. रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, रूळ पितळेचे, आणि दावा असा की ही गाडी बागेत, पावसात, बर्फात चालेल. त्यांनी मॉडेल निवडलं तेही मीटरगेजचं, मापाच्या २२.५ व्या भागाचं. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आपल्याकडं अनेक वर्षं मीटरगेज होतं, त्यामुळं ते रूप मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना परकं वाटणार नाही. दणकटपणा ह्या गाडीत नंतर घातलेला नव्हता, मापातच होता. गाडी मोठी म्हणून भिंत जाड, भिंत जाड म्हणून उघडून बसवायला जागा. पण हा पुरावा अर्धाच आहे. ती गाडी फार महाग, आणि २००६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढं मेर्कलिननं नाव विकत घेतलं आणि गाड्या चालू राहिल्या. मजबूत वस्तू बनवणारा टिकतोच असं नाही, हेही ह्या गोष्टीत आहे.

दुसरा पुरावा जपानचा. टोमी कंपनीची प्लारेल. १९५९ पासून. निळे प्लास्टिकचे रूळ, गुबगुबीत गाड्या, आजच्या साध्या गाडीच्या पोटात एक पेन्सिल सेल. दिसायला अगदी बाळबोध. पण तिनं एक गोष्ट साठ वर्षांहून जास्त काळ मोडलेली नाही: रुळांचं माप. आजोबांच्या रुळावर नातवाची गाडी चालते. मला हा दणकटपणाचा सगळ्यात खोल अर्थ वाटतो. एक रूळ तुटला म्हणून आख्खी गाडी कचऱ्यात जात नाही, कारण दुसरा रूळ दुकानात आहे, शेजारच्या घरात आहे, माळ्यावरच्या खोक्यात आहे. वस्तू एकटी मजबूत नसते. तिच्याभोवतीचा गोतावळा तिला मजबूत करतो.

आता अर्धंच ऐकल्याचं उदाहरण. लेगोच्या गाड्यांना मोठ्या माणसांतही वेडे चाहते आहेत. १९९१ पासून त्यांची ९ व्होल्टची रेल्वे होती. रुळांवर धातूची पट्टी, वीज रुळातून, मोटर वेगळी सुटी. ती महाग पडत होती. २००६ मध्ये त्यांनी रुळातली वीज काढली आणि सेलवर, इन्फ्रारेड रिमोटवर चालणारी गाडी आणली. मोटर, सेल आणि रिमोटचा डोळा हे सगळं एकाच तळात बंद. मुलांसाठी हे सोपं होतं, रूळ स्वस्त झाले, कुठंही वळवता येऊ लागले. चाहते मात्र चिडले. गाडीत जोर कमी, रिमोट मधेच पोचत नाही, आणि सगळं एकाच तळात म्हणजे एक गेलं की सगळं गेलं. तीन-चार वर्षांतच कंपनीनं मोटर, सेलचा डबा आणि रिमोटचा डोळा पुन्हा सुटे केले. २०१८ पासून ब्लूटूथ आलं, म्हणजे नजरेची अडचणही गेली.

ह्या गोष्टीत कंपनी खलनायक आहे असं मला म्हणायचं नाही. रुळातली वीज काढणं मला उलट योग्यच वाटतं. मोठ्या मापाच्या गाड्यांचे नादिष्टही अलीकडं रूळ 'मुके' ठेवून बॅटरी आणि रेडिओ इंजिनात घालू लागले आहेत, कारण बागेतले रूळ घासत बसायचा कंटाळा येतो. चूक सेल घालण्यात नव्हती. चूक सगळे अवयव एकात ओतण्यात होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला वेगळी नावं देतो, पण पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ते हेच: जे वेगवेगळ्या वेळी बिघडणार आहे ते एकमेकांना चिकटवू नका.

बार्शी लाईटचा धडा

अण्णांच्या 'रेल्वे कशासाठी असती' ह्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जर्मनीत किंवा जपानमध्ये मिळालं नाही. ते लातुरातच होतं, आणि खेळण्यातलं नव्हतं.

रेणापूर गावाला स्टेशन नाही. तालुक्यात पानगावला आहे. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात रेल्वे म्हणजे लातूरची 'छोटी गाडी', बार्शी लाईट. अण्णा सांगतात की ती चढावर इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बाजूनं चालायची. आम्ही हसायचो. मलाही ती कायम एक विनोदी, मरतुकडी गाडी वाटत आली.

मग मी एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याबद्दल वाचलं. बार्शी लाईट रेल्वे ही त्याची कल्पना. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या बाजूला मिरजेला. प्रश्न पैशाचा होता. मोठी रेल्वे परवडत नव्हती, आणि हलक्या रुळांवर जड गाडी चालवली तर रूळ वाकणार. त्या काळातलं सरळ उत्तर होतं की मग मालच कमी न्या. खोक्यावरची सूचना: डब्यांवर वजन ठेवू नये.

कॅलथ्रॉपनं दुसरं उत्तर दिलं. त्यानं नियम घातला की ह्या रेल्वेवरच्या कुठल्याही गाडीच्या कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, मग ते इंजिन असो नाहीतर मालडबा. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवली, त्यांना चालती चाकंच आठ होती. वजन वाटून टाकलं. त्यामुळं यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे अगदी हलका रूळ पुरला, आणि त्या रुळावरून मोठमोठे डबे धावले. हिंदुस्थानात आणण्याआधी त्यानं १८९६ मध्ये लीड्सजवळ चाचणीचा रूळ टाकून लोकांना हे सगळं दाखवलं होतं.

म्हणजे आमची मरतुकडी गाडी ही खरं तर विचार करून दणकट केलेली गाडी होती. स्वस्त आणि मजबूत हे दोन्ही एकत्र बसतात, फक्त त्यासाठी कुणीतरी आधी बसून विचारावं लागतं की हिच्यावर किती ओझं येणार आहे आणि ते कुठं कुठं वाटायचं. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, ह्या शतकात मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आलं ते पंढरपूर-कुर्डुवाडी करत, बरंचसं त्याच जुन्या वाटेनं. भाच्यानं ओसरीत जो मार्ग आखला होता तो कॅलथ्रॉपचाच होता.

ह्या मापानं भाच्याच्या गाडीकडं पाहिलं की तिच्यावरची टीका सोपी होते. प्लास्टिक पातळ आहे ही खरी तक्रार नाही. खरी तक्रार अशी की तिच्यावर किती ओझं येणार हे कुणी विचारलंच नाही. तीन डबे आहेत, मुलगा त्यात काहीतरी ठेवणार, एवढं तरी गृहीत धरायला हवं होतं. ते न करता सूचना छापली. बनवणाऱ्याचं काम मुलावर ढकललं.

ॲपनं मजबुती येत नाही

इथं माझ्या धंद्यावर यावं लागेल. 'आणखी चांगली द्या' असं गिऱ्हाईक म्हणालं की आज कंपन्यांना ऐकू येतं 'ॲप द्या'. मोबाइलवरून गाडी चालवा, आवाज बदला, पोरांचे गुण मोजा. एकदा मित्राच्या घरी अशी एक गाडी पाहिली. गाडी ठणठणीत होती, चाकं, मोटर, सेल, सगळं. पण फोन नवा घेतल्यावर ॲप त्यावर चालेना, आणि वेगळा रिमोट कंपनीनं दिलेलाच नव्हता. ती गाडी आता शोकेसमध्ये आहे. एकही भाग न तुटता मेलेली.

मी स्वतः असं सॉफ्टवेअर लिहितो. एखादी जुनी आवृत्ती बंद करायचा निर्णय आमच्याकडं वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये होतो. वापरणारे किती टक्के उरलेत ह्याचा आलेख असतो, रेघ खाली गेलेली असते, सगळे मान डोलावतात. त्या रेघेच्या तळाशी कुणाच्या तरी ओसरीत गाडी उभी आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. भाच्याच्या गाडीनं मला हे दाखवलं, आणि ते फारसं सुखाचं नव्हतं.

रेल्वेच्या छंदात ह्याचं उत्तरही जुनं आहे. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना १९३५ पासून मापांची मानकं ठरवतेय: चाकाची कड किती, रुळातलं अंतर किती. १९९० च्या दशकात त्यांनी डिजिटल आज्ञांसाठीही खुलं मानक केलं. म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतं. हे मोठ्यांच्या महागड्या मॉडेलांत आहे. मुलांच्या रिमोटच्या गाडीत प्रत्येक कंपनीचा रूळ वेगळा, रिमोट वेगळा, ॲप वेगळं.

आयएसआयचा शिक्का काय बघतो

कायद्याचंही बघितलं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चांगली गोष्ट आहे. विषारी रंग, टोकदार कडा, गिळता येतील असे तुकडे हे सगळं त्यात तपासतात. खेळणं वरून पाडूनही बघतात. पण पाडल्यावर प्रश्न असा असतो की ते फुटून मुलाला इजा होईल का. पडल्यावर ते चालतं का, हा प्रश्नच नाही. सुरक्षित रीतीनं निकामी होणारं खेळणं परीक्षेत पास होतं.

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं काम सुरू केलं तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. खेळणी नाहीत. आणि बाहेरून चांगली गाडी मागवावी तर आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी उत्पादन वाढावं म्हणून हे केलं, त्याला माझा विरोध नाही. पण मग देशी बनवणाऱ्याला कुणीतरी विचारायला हवं की बाबा, गिअर कशाचा आहे? स्क्रू कुठं आहे?

आणि आपल्यालाही कुणीतरी विचारायला हवं. नादिष्ट मंडळींच्या मागण्यांत एक लबाडी आहे, माझ्यासकट. आपल्याला गाडी हुबेहूब हवी, दणकट हवी आणि भाऊबीजेच्या ओवाळणीएवढ्या किमतीत हवी. तिन्ही एकदम मिळत नाहीत. मला आता निवडायला सांगितलं तर मी हुबेहूबपणा सोडेन. पायऱ्या, नळ, कड्या काढा, आणि त्या पैशांत पितळेचं एक दातेरी चाक आणि चार स्क्रू घाला. दुकानात उभं असताना मात्र मीही खोक्यावरचा फोटो बघूनच गाडी उचलली होती. पाठ फिरवून तळाला स्क्रू आहेत का हे बघितलं नव्हतं.

संक्रांतीला

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मी ते फुटकं चाक घेऊन गेलो. तिसऱ्या दुकानात तेवढ्याच दातांचं, तेवढ्याच छिद्राचं पितळेचं चाक मिळालं. दोन चहाच्या पैशांत. हे कळल्यावर हसू आलं नाही, रागच आला.

संक्रांतीला रेणापूरला गेलो. अण्णांनी चाक दांड्यावर बसवलं, सेलच्या पत्र्या पाण्यानं गंजल्या होत्या त्या पॉलिश पेपरनं घासल्या, सुटलेल्या एका तारेला डाग दिला. इंजिनाच्या पोटात रिकाम्या जागी मोटारीच्या जुन्या तांब्याच्या तारेची एक गुंडाळी कोंबली, वजनासाठी. कवच पुन्हा चिकटवायला मी फेविक्विक काढलं तर त्यांनी हात धरला. "परत उघडायची वेळ येणार नाही का? स्क्रू मार." चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारले. गाडी आता कुरूप दिसते. मधून कापलेली रेघ दिसते, स्क्रूची डोकी वर आलेली.

भाच्यानं तिला ओसरीत लावलं. सहा झाकणं, पाण्यानं भरलेली. मिरजेहून निघाली, वळणावर जरा थबकली, दोन झाकणातलं पाणी सांडलं, आणि लातूरला पोचली. अण्णा दारातून बघत होते. ते काही बोलले नाहीत, दुकानात निघून गेले, एक मोटार भरायची राहिली होती.

निघताना भाच्यानं विचारलं, "मामा, आता अजून दोन डबे लावलं तर वढंल का?"

मी म्हटलं, लावून बघ. नाही ओढलं तर उघडू.